रविवारची जागा

प्रभू येशूत प्रिय,

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं तर नुसती रागावले असते, म्हणून थांबले.

तू लिहितेस, मिस्सेत, रविवारच्या उपासनेत, बायबलच्या वाचनाला उभी राहते तेव्हा आतून काहीच वाटत नाही. समोर हात जोडून बसलेली माणसं दाराबाहेर पडली की एकमेकांची उणीदुणी काढतात. प्रार्थना घरीच खरी होते. मग हे सोंग कशाला? आणि खाली एक ओळ, वाचकांच्या यादीतून माझं नाव काढा.

नाव काढलेलं नाही.

तुझी श्रद्धा आहे की गेली, हे मी विचारणार नाही. ती गेली असती तर सोंगाची टोचणी लागली नसती. मला एकच सांगायचंय, रविवारची जागा सोडू नकोस. पुढे जे लिहीन ते फिरून फिरून इथेच येणार आहे.

मी सोडली होती. नऊ वर्षं. तू तेव्हा बहुधा जन्मलीही नव्हतीस. मी धर्मशिक्षणाचे वर्ग घ्यायचे. मुलांसाठी जमवलेले पैसे भलत्याच कामाला लागले आणि मी सभेत उभं राहून हिशेब मागितला. तेव्हाचे धर्मगुरू सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुम्ही तुमचा वर्ग सांभाळा." आदल्या दिवशी माझ्या बाजूने बोलणारी माणसं खाली मान घालून बसली. मी पिशवी उचलली आणि निघाले.

मी चुकले नव्हते. हे आजही ठासून सांगते. प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे आपल्यासारख्या प्रत्येक स्थानिक चर्चमध्ये, अर्थसमिती असलीच पाहिजे, असं कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेचं ५३७ वं कलम म्हणतं. २१२ वं कलम त्याच्याही पुढे जातं. चर्चच्या भल्याचं जे वाटतं ते धर्माधिकाऱ्यांपुढे मांडणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि कधी कधी कर्तव्यही. ही कलमं मला त्या दिवशी ठाऊक असती तर मी बसून राहिले असते आणि त्यांना उत्तर द्यावंच लागलं असतं. पण मी उठले. माझ्यामागून माझा प्रश्नही उठून गेला. नऊ वर्षांत तो तिथे कोणी विचारला नाही. ज्यांना तो नको होता त्यांची मी सोय करून दिली. म्हणून म्हणते, तुझं म्हणणं खरं असेल तर जागेवर बसून ते मांड. रिकामी जागा काही बोलत नाही.

घरी मी रोज प्रार्थना करायचे, जपमाळ, बायबल, सगळं. पहिलं वर्ष फार शांत गेलं, तेही लपवत नाही. मग कधीतरी लक्षात आलं की मी मला हवे तेच उतारे वाचते आहे. वेदीवर दान ठेवायच्या आधी जा, भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन मी कित्येक महिने उघडलंच नव्हतं. मिस्सेतली वाचनं आपण निवडत नाही. रविवारच्या वाचनांचा तीन वर्षांचा फेरा असतो, त्यात जे येईल ते ऐकावं लागतं. तू तर ते मोठ्याने वाचतेस! आणि म्हणतेस, मला काही वाटत नाही. अगं, ते वाचन तुला काही वाटावं म्हणून नसतंच. कुठल्या तरी बाकावर कालपरवा नवरा गेलेली बाई बसलेली असते. तिला शब्द नीट ऐकू गेले का, एवढं बघ.

पुन्हा आवाज चढला माझा. तुझ्यावर राग नाही. तुझ्या पत्रात मला माझंच अक्षर दिसतं, म्हणून होतं असं.

येशूचा शिष्य थोमा, त्याला सगळे संशयी म्हणून ओळखतात. मला तो दुसऱ्याच कारणासाठी जवळचा वाटतो. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा तो बाकीच्यांबरोबर नव्हता. कुठे होता ते योहानाचं शुभवर्तमान सांगत नाही. प्रभू त्याला एकट्याला गाठू शकला असता. पण तो आठ दिवसांनी आला, पुन्हा सगळे त्याच घरात असताना, आणि या वेळी थोमा त्यांच्यात होता. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, हे त्याचं म्हणणं तोवर बदललेलं नव्हतं. तरी तो तिथे येऊन बसला होता. आणि कोणात? एकाने तीनदा प्रभूची ओळख नाकारलेली, बहुतेक जण ऐन वेळी पळालेले. नावं ठेवायला त्याच्याकडे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कारणं होती.

उणीदुणी काढणाऱ्यांबद्दल तुझ्या पत्रात दीड पान आहे. ते परत एकदा वाच. बाकी त्या विषयावर मला काही म्हणायचं नाही.

मात्र एक विचारते. तुला तिथे कोणी इजा केली असेल, कोणाची भीती वाटत असेल, तर ही गोष्ट वेगळी आहे. मग वाचन राहू दे आणि मला सरळ सांग. आपण दोघी बिशपांकडे जाऊ आणि लागेल तिथे तक्रार करू. पण नुसता कोरडेपणा असेल, तर संत इग्नेशियस लोयोलांचा नियम पाळ. मन कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. नाव काढायचंच असलं तर मन भरलेलं असेल तेव्हा काढ. तेव्हा मी अडवणार नाही.

माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. माझं भांडण त्याला माहीतही नव्हतं, पण मी गेले नाही म्हणून तोही गेला नाही. मी परतले तेव्हा तो विशीत होता आणि मी एकटीच परतले. आता लग्नाला येतो, अंत्यविधीला येतो, मागे उभा राहतो. बोलायला गेले तर म्हणतो, "आई, घरी केलेली प्रार्थना पुरते, हे तूच शिकवलंस." यावर मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

परतले ती आई गेल्यावर. सभेत गप्प बसलेल्या त्याच बायका जपमाळ घेऊन रात्रभर माझ्याकडे बसल्या. कोणी मागचं काढलं नाही. पुढे एकदा कायदेसंहिता चाळताना ५३४ वं कलम हाती लागलं. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने दर रविवारी एक मिस्सा आपल्याकडे सोपवलेल्या लोकांसाठी अर्पण करायची असते. लोकांसाठी म्हणजे सगळ्यांसाठी, रुसून गेलेल्यांसाठीसुद्धा. मी बसून हिशेब केला, नऊ वर्षांचे साडेचारशेहून जास्त रविवार. ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही म्हणून मी घरी बसले, तो मला वेदीवर घेऊन उभा राहायचा. तो या जगात नाही आता. त्याला हे सांगायचं राहून गेलं.

येत्या रविवारी सकाळच्या मिस्सेत पहिलं वाचन तुझंच आहे. उतारा लांब आहे, घरी दोनदा मोठ्याने वाचून ये. माइक जरा खाली ओढून घे, परवापासून तो वर सरकतो. मी डावीकडे चौथ्या बाकावर असते. वाचून झालं की माझ्याशेजारी येऊन बस.

तुझी
टीचर