खरगपूरला पहिल्यांदाच निघालेल्या विद्यार्थ्यास

आयआयटी खरगपूरला निघताना पहिल्या सत्रापुरत्या मोजक्याच गोष्टी सांगतो; बाकीचे तिथे रुळल्यावर आपोआप उमगेल.

आधी परतीच्या तिकिटाचे बघा. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, आणि दुर्गापूजेच्या सुट्टीत सारेच घरी निघत असल्यामुळे गीतांजली एक्सप्रेसची प्रतीक्षायादी बघता बघता फुगते. तेव्हा सुट्टीच्या तारखा कळताच तिकीट काढून ठेवा. मात्र जोडून सुट्टी आली की घर गाठायचेच, हा हट्ट नको. सतत घराकडे धावणाऱ्याचा तिथे जम बसत नाही.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे केवळ मराठी मुलांच्या घोळक्यात राहणे. खोलीतला सोबती तेलुगू असो वा बंगाली, मोडक्यातोडक्या हिंदीत का होईना, त्याच्याशी रोज बोला. मोहरीच्या तेलातली भाजी सुरुवातीला घशाखाली उतरणार नाही. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट जरूर न्या, पण त्यांच्या जोरावर मेसचे जेवण टाळू नका. सायकल जुनी चालेल, कुलूप मात्र भक्कम हवे.

पहिल्या परीक्षेत गुण कमी पडले, तर घरच्यांपासून लपवत न बसता त्याच आठवड्यात प्राध्यापकांना भेटा. ते रागावतील ही भीती बहुधा निराधार असते.