मला गोळीचं व्यसन लागलंय का?

"मॅडम, मला गोळीचं व्यसन लागलंय," खुर्चीत टेकता टेकताच ते म्हणाले.

वय 46, दिवसभर कॉम्प्युटरपुढे हिशेबाचं काम. मान आखडली म्हणून डॉक्टरांनी 5 दिवसांसाठी दिलेली गोळी 4 महिने चालूच होती. बायको रोज टोकायची. त्यात आठवड्यापूर्वी लघवी नारिंगी झाली आणि त्यांचं धाबं दणाणलं.

हा प्रश्न घेऊन कुणीही आलं की मी आधी घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगते. दुसऱ्या भेटीत त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. मुख्य स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत तीन नावं होती: अ‍ॅसिक्लोफेनॅक 100, पॅरासिटामॉल 325, क्लोरझोक्साझोन 250 मिलिग्रॅम. दुसरी स्ट्रिप डोकेदुखीची, तिच्यात आयबुप्रोफेन. तिसरी सर्दीची, तिच्यात पुन्हा पॅरासिटामॉल.

"पण ही तर सर्दीची आहे!" ते म्हणाले. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. पुढचं नाव आपण वाचतो, मागचं वाचत नाही. धडधाकट प्रौढ माणसासाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा दिवसाला 4 ग्रॅम धरतात. नियमित पिणाऱ्यांची किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांची त्याहून कमी. त्यांची बेरीज मर्यादेच्या आत होती. मला जास्त काळजी वाटली ती अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेनची. दोन्ही एकाच जातीची वेदनाशामकं. ती एकत्र घेतली की वेदना काही दुप्पट कमी होत नाहीत, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो. मूत्रपिंडांवर ताण पडतो तो वेगळाच, आणि हे गृहस्थ रक्तदाबाचंही औषध घेत होते.

नारिंगी लघवीचं कारण क्लोरझोक्साझोन असू शकतं. नुसता रंग बदलणं सहसा निरुपद्रवी असतं. पण हेच औषध क्वचित यकृताला गंभीर इजा करतं, म्हणून डोळे पिवळे होणं, अंगाला खाज, मळमळ, गडद लघवी यांतलं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. त्यांना त्याच दिवशी रक्ततपासणीसाठी पाठवलं.

आता व्यसनाचं. कॅरिसोप्रोडॉलसारख्या काही स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांची खरोखरच सवय लागते. ते यांच्या गोळीत नव्हतं. मी विचारलं, "मान अजून दुखते?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दुखत नाही हो. पण रात्रीची घेतली नाही तर झोप येत नाही."

क्लोरझोक्साझोन मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतं, त्यामुळे गुंगी येते. मान केव्हाच बरी झाली होती. गोळी चालली होती ती झोपेसाठी. कधी तिच्या आधी दोन पेगही व्हायचे. दारूने ही गुंगी आणखी वाढते, यकृत आणि पोटाचं तर विचारूच नका. "सकाळी गाडी चालवताना डोळे मिटतात का?" यावर त्यांनी नुसती मान खाली घातली. ऑफिसला जाताना रोज मुलगी मागे बसलेली असायची.

रिपोर्ट ठीक आले. डॉक्टरांनी गोळी बंद केली, रक्तदाबाचं औषध पुन्हा तपासलं, मानेचे व्यायाम लावून दिले. आमचं काम मात्र तिथून सुरू झालं: रात्री 2 वाजता छताकडे बघत हा माणूस नेमका कसला हिशेब करत बसतो, ते. पहिला आठवडा वाईट गेला. तिसऱ्या भेटीत माझ्यावर चिडलेच, "मॅडम, गोळी होती तेव्हा निदान 6 तास तरी झोपत होतो."

मी म्हटलं, "खरंय. आता सांगा, काल 2 वाजता डोक्यात काय होतं?"