लोणच्यावर बुरशी: पावसाळ्याआधी हे करा

पुण्यात जूनपासून हवा दमट होते आणि नवं लोणचं नेमकं तेव्हाच बरणीत मुरत असतं. बुरशीला ओल आणि हवा लागते, त्या दोन्ही तोडायच्या.

कैरी धुऊन आधी कोरडी पुसा, मगच फोडी करा. एक किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ घ्या. तब्येतीसाठी मीठ निम्म्यावर आणायचं असेल तर लोणचं थोडंच घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ते टिकणार नाही. बरणी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओता, नाहीतर झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी खाली ठिबकतं. तेल फोडींच्या वर बोटभर तरंगायला हवं. आठवड्याने पाहा: फोडी तेल पितात, पातळी उतरते, उघडी पडलेली फोड आधी बुरसते. तेल तापवून, गार करून वरून घाला. रोजच्यासाठी छोटी बरणी वेगळी काढा.

बुरशी दिसलीच, तर वरचा थर काढून बाकीचं खाऊ नका. तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. जीव तुटतो, पण टाका. बुरसलेले शेंगदाणेही तसेच: त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष, भाजूनही पूर्ण जात नाही.