पाण्याचा दिवस आणि काकूंच्या कुरडया

प्रिय पोरा,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. घरात आता कुणी साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा हातात देत नाही, बायको म्हणते "तुम्ही नुसतं बसा की", हे वाचून वाईट वाटलं रे. पॉवरलूमच्या शेडमध्ये दोन वर्षं माझ्या हाताखाली होतास, तुझा हात मला माहितीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

परवाचंच घे. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून तू पहाटे एकटाच उठून मोटर लावलीस, टाकी भरेपर्यंत पोरीच्या डब्याला शेंगाचटणी होईल म्हणून आत्ताच भाजलेले गरम शेंगदाणे मिक्सरला लावलेस, तेवढ्यात वर टाकी भरून वाहायला लागली आणि सगळं पाणी शेजारच्या काकूंच्या कुरडयांकडे. तू मिक्सर तसाच चालू ठेवून पळालास, कुरडयांची साडी उचललीस ती दोनच टोकं धरून, झालं, अख्ख्या कुरडया खाली अंगणात. परत येतोस तर चटणीचा तेलकट गोळा!

यातलं एक काम तरी तू स्वतःसाठी केलंस का? नाही. म्हणून तुला वेंधळा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. तू चालू मशीन सोडून दुसरीकडं जातोस, चूक तेवढीच आहे. आठवतंय ना, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तुटला की लूम आपोआप थांबायचा, नाहीतर पुढचं सगळं कापड खराब. घरातल्या मोटरला आणि मिक्सरला ती अक्कल नाहीये, ती तुलाच लावून द्यावी लागणार. टाकीला फ्लोट स्विच बसवू, भरली की मोटर बंद. उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपातनं आलेलं पाणी गच्चीवर सांडलेलं मला बघवत नाही. आणि शेंगदाणे आधी पूर्ण गार होऊ दे, मग मिक्सर थांबत थांबत फिरव, सलग फिरवलास की तेल सुटून लगदा होणारच. उखळात कुटलीस तर सगळ्यात उत्तम.

कूलरचं मात्र मला हसू आलं नाही. तू चालू कूलरमध्ये पाणी ओतलंस, झटका बसला, बादली उलटी होऊन तुझ्याच डोक्यावर आली आणि पोरं हसली. अरे सोलापूरचा मे महिना, ओली फरशी, पायात चप्पल नाही, आणि पत्र्याचा कूलर! आधी पिन काढायची, मगच पाणी ओतायचं, अजिबात अपवाद नाही. घरची अर्थिंग वायरमनकडनं तपासून घे आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्याच्याकडनंच बसवून घे, करंट गळला की तो लाइन लगेच तोडतो. गॅसचा वास आला तर स्विचला हात लावायचा नाही, चालू पण नाही अन् बंद पण नाही, रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, बाहेर येऊन 1906 ला फोन लावायचा. लाइट आणि गॅसच्या कामात तू हात घालू नकोस, एवढं माझं ऐक. बाकी नळाचा वायसर बदल, सायकल दुरुस्त कर, पडदे लाव, बिनधास्त कर, मी तुझ्या बाजूनं आहे.

आता मला सगळ्यात जास्त खटकलं ते सांगतो. कुरडया गोळा करून तू गुपचूप कचऱ्यात टाकल्यास आणि काकूंना दुपारी दुसऱ्याकडनं कळलं. पोरा, कुरडया परत होतात रे, पण तू लपवलंस म्हणून तुझ्या बायकोला त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली. बायकोचा राग त्याचा आहे, सांडलेल्या कुरडयांचा नाही.

तेव्हा आज संध्याकाळीच जा, बायकोला बरोबर घेऊन जा, आणि काकूंना सरळ सांग, चूक माझी, गहू मी आणतो. गहू तीन दिवस भिजवावे लागतात, पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास मारतो, ते काम तू घे. मग वाटून, गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा. पहाटे तो शिजवताना गुठळी होऊ नये म्हणून सारखा घोटावा लागतो, काकूंचा खांदा आता दुखतो असं तूच लिहिलंयस. घोटायला तू उभा राहा, आणि पातेलं खाली उतरेपर्यंत फोन वाजू दे, दारात कुणी येऊ दे, जागचा हलू नकोस. रविवारी फ्लोट स्विच घेऊन मी येतोच, तेव्हा गच्चीवर कुरडया वाळत असतील तर त्या साडीची दोन टोकं मी धरतो.

तुझा,
काका