सिग्नलला बंद पडणाऱ्या स्प्लेंडरची आयडलिंग कशी ठीक करावी?

तुमचा प्रश्न असा: २०१४ ची कार्ब्युरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) स्प्लेंडर गरम झाली की आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसती चालू ठेवल्यावर, टिकत नाही. कधी रेस आपोआप चढते, कधी सिग्नलला थांबलात की बंद पडते. मेकॅनिकने दोनदा आयडल स्क्रू आवळून रेस वाढवून दिली, तरी आठवड्यात तेच.

आधी त्या स्क्रूला हात लावणं थांबवा. त्याने फक्त कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघडणारी स्लाइड थोडी वर उचलली जाते, मूळ दोष झाकला जातो आणि पेट्रोल जास्त जळतं. तो सगळ्यात शेवटी लावायचा.

पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा आणि आयडलिंगला असताना चोक थोडासा ओढा. इंजिन सुधारलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे मिश्रण लीन आहे. गुदमरून बंद पडलं तर पेट्रोल पुरेसं किंवा जास्तच आहे. मग एअर फिल्टर आणि चोक पूर्ण उघडतोय का, ते आधी बघा. त्याच वेळी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस बदलली तर एक्सलेटरची केबल ताणली जातेय. मुठीला २ ते ६ मिमी मोकळा फेर हवाच.

तुमच्या वर्णनावरून मला लीनचीच शंका जास्त आहे, कारण एक्सलेटर सोडल्यावरही रेस वर लटकून राहणं हे त्याचंच लक्षण. याला मुख्य कारणं दोन.

एक, बाहेरची हवा आत शिरणं. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणारी नळी) मधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक होते, चपटी होते. शिवाय दोन्ही बोल्ट जोर लावून आवळले की कार्ब्युरेटरची फ्लँज (बोल्टने जोडली जाणारी सपाट कड) वाकते आणि मधोमध बारीक फट राहते. कार्ब्युरेटर उतरवल्यावर फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरा आणि मागून उजेड दिसतो का बघा. दिसला तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज हलकी घासा, ओ-रिंग नवीन टाका आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. चालू इंजिनावर सांध्यापाशी साबणाचं पाणी शिंपडूनही गळती कळते: रेस क्षणभर बदलते. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारू नका, आग लागू शकते.

दोन, पायलट जेट तुंबणं. आयडलिंगचं सगळं पेट्रोल या एका बारीक भोकातून येतं, म्हणून मोठ्या रेसला गाडी छान पळते आणि सिग्नलला बंद पडते. पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू सैल करा आणि पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकीपासून साफसफाई लागेल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार दिसतं. जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा, उजेडाला धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. सुई किंवा तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेलं. जेटबरोबर बॉडीतले हवेचे मार्गही हवा मारून मोकळे करा, नाहीतर निम्मंच काम होतं.

आता मिश्रणाचा स्क्रू. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर मिश्रण लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उलट. हलक्या हाताने आत टेकवा (जोर दिला तर बैठक खराब होते), दीड वेढा बाहेर काढा, गरम इंजिनावर पाव-पाव वेढा फिरवत सर्वांत जास्त रेस मिळेल तिथे ठेवा. मग आयडल स्क्रूने रेस साधारण १४०० आरपीएमवर आणा. स्प्लेंडरला आरपीएम दाखवणारं मीटर नसतं, गॅरेजचा टॅकोमीटर दोन मिनिटांत काम करतो. स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर पायलटचा मार्ग अजून तुंबलेलाच आहे.

एवढं करूनही फक्त गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा गॅप लावायचा स्क्रू) बघा. टॅपेटचा आवाज नसणं चांगलं, हा गैरसमज आहे. गॅप फार कमी असला की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि त्याचा पहिला फटका आयडलिंगला बसतो. इंजिन पूर्ण थंड असताना, फ्लायव्हीलवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवून, दोन्ही टॅपेट हाताने किंचित हलताहेत याची खात्री करून मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) गॅप लावा. पातं अडकत सरकलं पाहिजे. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर गॅप पुन्हा मोजा.

चोकची तपासणी काय सांगते आणि मिश्रणाचा स्क्रू किती वेढ्यांवर बसला, ते लिहा. अर्ध्या वेढ्याच्या आत किंवा तीन वेढ्यांच्या पुढे गेला तर पुढे कुठे शोधायचं ते सांगतो.