वाचता येत नाही म्हणून शब्द कमी देऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय की गोव्यात फोंड्याकडच्या मराठी प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग आहे, त्यात काही मुलं धडाधड वाचतात, बरीचशी अडखळतात आणि काही अजून काना-मात्रा जुळवतायत, शब्दार्थ वहीत लिहून घेता पण आठवड्यानं विचारलं तर कोणालाच आठवत नाही, मग कच्च्या मुलांना नुसते सोपे शब्दच द्यावेत का. माझं उत्तर आधीच सांगून टाकते, अजिबात नाही. शब्द सगळ्यांना तेच द्या, फक्त ज्याला डोळ्यांनी घेता येत नाही त्याला कानांनी द्या. माझी बहुतेक नोकरी गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातल्या शाळांत झाली, दोन-दोन तीन-तीन इयत्ता एका खोलीत, त्यामुळे हे मी नुसतं ऐकलेलं सांगत नाहीये.

आधी एक गोष्ट मनात वेगळी करा. अक्षरं जुळवून वाचता येणं वेगळं आणि भाषा कळणं वेगळं. गफ आणि टनमर या दोघा वाचन-संशोधकांनी 1986 मध्ये हे फार सोप्या पद्धतीनं मांडलं, की वाचून समजणं म्हणजे या दोन गोष्टींचा गुणाकार, त्यातली एक शून्य असली तर उत्तर शून्यच येणार. तुमच्या वर्गात अडखळणारं मूल असेल पण गोष्ट ऐकताना सगळ्यात आधी तेच हसत असेल, म्हणजे त्याची भाषा पक्की आहे, अक्षरं कच्ची आहेत. आणि धडाधड वाचणाऱ्यातलं एखादं असं असतं की वाचून झाल्यावर काय झालं विचारलं तर गप्प. दोघांना एकाच "कच्चा-पक्का"च्या मापानं मोजलं की दोघांचंही नुकसान. त्याच वर्षी स्टॅनोविच या संशोधकांनी मॅथ्यू इफेक्ट हा शब्द वाचनाच्या बाबतीत वापरला, बायबलमधल्या मत्तयच्या, म्हणजे मॅथ्यूच्या, शुभवर्तमानात वचन आहे ना, ज्याच्याकडे आहे त्याला आणखी दिलं जाईल, त्यावरून. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, त्यातून त्याला शब्द मिळतात, शब्द मिळाले की वाचणं अजून सोपं होतं, आणि दुसरा मागे मागे राहतो. आता अशा मागे राहिलेल्या मुलाला आपण "कमळ बघ, नळ बघ" एवढंच देत राहिलो तर चौथीत गेल्यावर त्याला अक्षरं येतील पण धड्यातले शब्द ओळखीचे नसतील. म्हणून त्याची अक्षरांची तयारी वेगळी चालू ठेवा आणि शब्दांची वेगळी, एकासाठी दुसरी थांबवू नका.

वहीतले शब्दार्थ का राहत नाहीत ते बघा. आतुर म्हणजे उत्सुक असं लिहिलं, पण उत्सुकही माहीत नाही, मग पोरानं एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द पाठ केला एवढंच झालं. त्यापेक्षा सांगा की आतुर म्हणजे एखादी गोष्ट कधी होते, कधी होते असं होऊन जीव थाऱ्यावर नसणं, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबईहून माणसं येणार असली की आपण दहादा दारात जाऊन बघतो ना, तेव्हा आपण आतुर असतो. मग प्रत्येकाला विचारा, तू कशासाठी आतुर होतोस. कोणी शिगम्याची, म्हणजे आपल्या शिमग्याची, रोमटामेळ मिरवणूक सांगेल, कोणी दिवाळीत नरकासुराचा पुतळा करायच्या रात्रीचं सांगेल. एका शब्दावर पाच मिनिटं गेली तरी चालतील, तो शब्द त्या मुलाचा होतो.

अर्थात पाच मिनिटं प्रत्येक शब्दाला देता येत नाहीत, म्हणून शब्द निवडावे लागतात. अमेरिकेतल्या इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर सांगितलेत, पहिला रोजच्या बोलण्यातला, तिसरा एखाद्या विषयापुरता जसा बाष्पीभवन, आणि मधला थर म्हणजे बोलण्यात फारसे न येणारे पण गोष्टींत, धड्यांत सारखे भेटणारे. निमूटपणे, हिरमुसणे, अलगद, सावध, खटपट, कबूल करणे, उमगणे, असे. शिकवायची सगळी ताकद या मधल्या थरावर लावा. आपल्याकडे यात एक भर पडते, बहुतेक मुलांच्या घरी कोकणी. मूल जनेल म्हणतं, त्याला खिडकी हा शब्द नवा असतो पण वस्तू काही नवी नाही, तिथे बोट दाखवून दहा सेकंदांत पुढे जा. निमूटपणेचं तसं नाही, तिथे कल्पनाच बांधावी लागते, आधी कोकणीतून बोला, खुशाल बोला. आणि हो, पालकांना "घरी मराठीच बोला" असं कृपा करून सांगू नका. आजी कोकणीत रंगवून गोष्ट सांगते तेव्हा ती मुलाची समज वाढवतेच, ती समज मराठी वाचताना कामाला येते. कर्नाटकातून किंवा उत्तरेकडून आलेल्या मुलांचं पण तेच, कन्नड किंवा हिंदीत तो काय म्हणतो ते वर्गात मोठ्यानं सांगू दे.

आता एकाच वर्गात सगळ्यांना कसं सांभाळायचं ते सांगते. रोज एक गोष्ट तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचा, आणि ती मुलांच्या स्वतःच्या वाचनापेक्षा थोडी वरच्या पातळीची असू दे, ऐकून समजायची ताकद या वयात वाचायच्या ताकदीपेक्षा पुढे असते. त्यातले दोन किंवा तीनच शब्द धरा, रोज नवेच हवेत असं नाही. वाचताना मध्ये थांबून प्रश्न विचारा, पण हो-नाहीत उत्तर येईल असे नकोत, "तो का हिरमुसला असेल", "तू असतास तर काय केलं असतंस" असे, आणि मुलानं "खेळायला नाय घेतलं" म्हटलं की तुम्ही वाढवून म्हणा, "हो, मित्रांनी त्याला खेळायला घेतलं नाही म्हणून तो हिरमुसला". व्हाइटहर्स्ट या संशोधकांनी 1988 मध्ये आईवडिलांना अशाच पद्धतीनं लहान मुलांबरोबर पुस्तक वाचायला शिकवलं होतं आणि मुलांच्या बोलण्यात स्पष्ट फरक पडला होता. गोष्ट संपल्यावर काम वेगवेगळं द्या, शब्द तेच. अजून अक्षरं जुळवणाऱ्यानं हिरमुसलेला चेहरा करून दाखवायचा, चित्र काढायचं, खाली तुम्ही शब्द लिहून द्यायचा आणि त्यानं तो गिरवायचा. मधल्यांनी गाळलेल्या जागेत योग्य शब्द घालायचा. आणि पुढे गेलेल्यांना लांब यादी देऊ नका हो, त्यांना खोल जायला लावा, हिरमुसणे आणि रुसणे यात फरक काय, निमूटपणे आणि हळूच यात काय, कुठे एक चालेल आणि दुसरा चालणार नाही, ते दोघांनी वाद घालून ठरवायचं. गट मात्र कायमचे करू नका, मुलांना आपण कुठल्या गटात आहोत ते बरोबर कळतं आणि मग ती तशीच वागायला लागतात.

मराठीत अजून एक अडचण आहे, आणि ती नेहमी वाचनाची अडचण समजली जाते. मुलाला देऊळ वाचता येतं, अर्थ माहीत आहे, पण पुस्तकात "देवळात" आलं की थांबतं. पाऊस आणि पावसात, माणूस आणि माणसाला, विहीर आणि विहिरीवर, फूल आणि फुलांचा, जाणे आणि गेला. आपल्याला ते एकच वाटतात, नव्या वाचकाला ते वेगळे शब्द दिसतात. म्हणून नवीन शब्द फळ्यावर लिहिताना एकटा लिहू नका, त्याचं कुटुंब लिहा, देऊळ, देवळात, देवळाजवळ, देवळं, आणि प्रत्येकाचं तोंडी वाक्य करून घ्या. तसंच लाज-लाजाळू, झोप-झोपाळू, माया-मायाळू घेतलं की मुलं स्वतःच पुढे विचारतात आणखी कुठे आळू लागतं. एका शब्दातून चार मिळतात आणि अडखळणाऱ्या मुलांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो हे मी वर्षानुवर्षं बघितलंय.

आणि चवथ जवळ आली की माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगून सजवलेली चौकट, सोडू नका, शब्दांसाठी याच्याइतकं चांगलं साहित्य कुठल्या किटमध्ये मिळणार नाही. मुलांना जमेल ते आणायला सांगा, कांगणी, माट्टुळ्या, आंबाडे, कवंडळं, सुपारीचं शिपटं, तोरिंग. गावातलं जे मूल पुस्तकासमोर मान खाली घालून बसतं ते इथे पटापट नावं सांगतं, कुठल्या झाडाला लागतं, रानात कुठे मिळतं, पिकल्यावर कसं दिसतं, आणि शहरात फ्लॅटमध्ये राहणारं हुशार वाचणारं मूल त्याला विचारत बसतं. त्या नावांवर तुम्ही मधल्या थराचे शब्द चढवा, खरबरीत, गुळगुळीत, काटेरी, तुरट, घोस, लोंबणे, गुंफणे, वेल, झुडूप, दुर्मीळ. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावा. पुढे गेलेली मुलं वर्णन लिहितील, बाकीची सांगतील आणि तुम्ही त्यांच्या शब्दांत फळ्यावर लिहा, मग तेच त्यांना वाचायला द्या, स्वतः बोललेलं वाक्य वाचायला मुलं घाबरत नाहीत.

एकदा शिकवलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटला नाही तर जातोच, म्हणून एक डबा ठेवा, शिकवलेला प्रत्येक शब्द चिठ्ठीवर लिहून त्यात टाका आणि रोज मधल्या सुट्टीआधी दोन-तीन चिठ्ठ्या काढा, कोणी वाक्य करायचं, कोणी अभिनय, कोणी आज हा शब्द कुठे ऐकला ते सांगायचं. आठवड्याला सहा ते आठ शब्द पुरे, वीस नकोत. तुम्ही स्वतः पण ते शब्द मुद्दाम बोला, "आज सगळे निमूटपणे रांगेत उभे राहिलात".

पुस्तकांचं विचारलं होतंत. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर, प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेलं आहे, मराठीत आणि कोकणीतही गोष्टी फुकट मिळतात, वाचनाच्या पातळ्या लावलेल्या असतात आणि प्रिंट काढायला परवानगी आहे, एकच गोष्ट दोन्ही भाषांत सापडली तर शेजारी शेजारी ठेवा. बालभारतीचं मुलांसाठीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय, मोठ्यानं वाचायला त्यातलं खूप काही चालतं. पणजीला जाणं होत असेल तर पाटोवरची सेंट्रल लायब्ररी मुलांना एकदा दाखवाच.

परीक्षा घेताना अर्थ लिहा असं विचारू नका. गोष्ट परत सांगायला लावा आणि त्यात शिकवलेले शब्द आपणहून येतात का ते ऐका, किंवा विचारा, "मांजर ताटाजवळ अलगद आलं, मग आवाज झाला असेल का?" उत्तरावरून लगेच कळतं. एवढं सगळं करूनही एखादं मूल ऐकून सगळं छान समजतंय पण अक्षरं काही केल्या बसत नाहीयेत, तर त्याला आळशी ठरवू नका, सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतल्या, अशा मुलांना मदत करणाऱ्या रिसोर्स पर्सनना बोलवून घ्या, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता पण धरलेली आहे, त्यामुळे मदत मागायचा त्या मुलाला हक्क आहे. आणि ऐकूनही समजत नसेल, घरच्या भाषेत सांगितलं तरी, तर सगळ्यात आधी पालकांना त्याचे कान तपासून घ्यायला सांगा.