मुलगा 17 वर्षांचा आणि इंग्लंडची नोकरी: केअर होमच्या खर्चाबद्दल

तुम्ही विचारलंय, नोकरीसाठी इंग्लंडला जायचंय, मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, पुढेमागे त्याला इंग्लंडमध्ये केअर होममध्ये ठेवावं लागलं तर खर्च किती? स्वतः भरायचं तर आठवड्याला दीड हजार पाउंड किंवा जास्तच धरून चला. रात्री जागं राहणारा माणूस किंवा त्याच्या एकट्यासाठी मदतनीस लागला, तर आकडा बराच वर जातो. पगारातून हे सहसा कुणाला झेपत नाही. बहुतेकांचा खर्च कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, उचलते. पण त्यासाठी मुलाला तिथे राहता यायला हवं, म्हणून आधी व्हिसा बघा.

तुमच्या स्किल्ड वर्कर (कुशल नोकरीच्या) व्हिसावर अवलंबित म्हणून मुलाचा पहिला अर्ज तो 18चा व्हायच्या आतच गेला पाहिजे. 18 उलटल्यावर उरते प्रौढ अवलंबितांच्या व्हिसाची वाट, आणि ती फार अरुंद. प्रायोजक, म्हणजे त्याला बोलावणारा नातेवाईक, तिथे स्थायिक झालेला हवा, शिवाय पैसे मोजूनही भारतात सांभाळ होत नाही हे सिद्ध करावं लागतं. पुण्या-मुंबईत निवासी संस्था असताना ते पटवणं महाकठीण. केअर वर्करच्या नोकरीवर तर मार्च 2024 पासून कुटुंब नेता येत नव्हतं, आणि जुलै 2025 पासून त्या नोकरीसाठी परदेशातून नवा व्हिसाच मिळत नाही.

व्हिसावरचा 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते मिळणार नाहीत) हा शेरा वाचून लोक कौन्सिलची पायरीच चढत नाहीत. पिप (दिव्यांग भत्ता), युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाचा भत्ता), हाउसिंग बेनिफिट (घरभाड्याची मदत) त्यामुळे बंद होतात, हे खरं. पण केअर अ‍ॅक्ट 2014 (इंग्लंडमधला प्रौढांच्या सांभाळाचा कायदा) खालची मदत त्या यादीत नाही. 18 व्हायच्या आधीच ट्रान्झिशन असेसमेंट, म्हणजे प्रौढ झाल्यावर त्याला काय मदत लागेल याची तपासणी, कौन्सिलकडे लेखी मागा. सपोर्टेड लिव्हिंग (भाड्याच्या घरात मदतनिसांसह राहणं) मात्र अडतं, कारण तिथलं भाडं सहसा हाउसिंग बेनिफिटमधून जातं. आणि व्हिसासोबत भरलेला हेल्थ सरचार्ज एनएचएससाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी असतो. केअर होमची फी त्यात येत नाही.

प्रौढ झाल्यावर आर्थिक तपासणी मुलाच्या पैशांची होते, तुमच्या नाही. त्याच्याकडे 23,250 पाउंडांहून जास्त असतील तर फी त्यानेच भरायची. 14,250 च्या वर दर 250 मागे आठवड्याला 1 पाउंड उत्पन्न धरतात. भारतातली मालमत्ताही मोजली जाते. आजीने मायेने नातवाच्या नावे ठेवलेली 35 लाखांची एफडी नेमकी इथे नडते. ती घाईघाईने आपल्या नावावर फिरवलीत आणि फी टाळायला केलं असं कौन्सिलला वाटलं, तर रक्कम त्याचीच धरतात. तुमच्या मृत्युपत्रात त्याचा वाटा थेट त्याला न देता डिस्क्रिशनरी ट्रस्टमध्ये (किती पैसे द्यायचे हे विश्वस्त ठरवतात) ठेवायचा का, हे तिथल्या सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला विचारा.

निघताना बुद्ध्यांक चाचणीचा ताजा अहवाल, शाळेचे अहवाल आणि फिट्स येत असतील तर त्यांची नोंद इंग्रजीत घ्या. नुसतं यूडीआयडी कार्ड (भारतातलं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) तिथे पुरेसं नसतं.